ब्रेक दाबला की विझणारा दिवा

ब्रेक दाबला आणि मागची भिंत काळी पडली. पाय उचलला, भिंत पुन्हा तांबूस झाली. मला वाटलं आरशावरच काहीतरी बसलंय. रुमालाने आरसा पुसला, पुन्हा ब्रेक दाबला. भिंत काळी. पाय उचलला, तांबूस.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिवेलागणीच्या वेळी, मी माझ्या वीस वर्षांच्या गाडीत बसून हा प्रकार दहा-बारा वेळा केला. मग पाय ब्रेकवर तसाच राहिला. जुन्या गाडीचा मागचा दिवा बिघडला, यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पण ब्रेक दाबल्यावर दिवा विझतो, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. दीड वर्षापूर्वी मार्वे रोडवर एका माणसाने ते मला तोंडावर सांगितलं होतं, मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून. आणि वीस माणसांसमोर मी त्याला हसलो होतो.

गाडीची तपासणी जवळ आली होती. इतक्या जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं तर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, आणि तिथे पहिल्यांदा दिवे बघतात. दिवे तपासायची माझी पद्धत ठरलेली. रविवारी सकाळी मी ब्रेक दाबायचा, वॉचमनने मागे उभं राहायचं, मी ओरडून विचारायचं, "लागले का?" आणि त्याने सांगायचं, "लागले साहेब." किती लागले, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. त्या दिवशी वॉचमन पाण्याच्या पंपापाशी अडकला होता म्हणून मी गाडी भिंतीला पाठ करून लावली आणि आरशात बघायचं ठरवलं. संध्याकाळ असल्यामुळे गाडीचे दिवे चालू होते. एवढाच काय तो फरक.

आता त्या दिवसाचं सांगतो. आम्ही नवरा-बायको पक्के मासेखाऊ. महिन्यातून दोन-तीन रविवारी मढला जायचं, होड्या लागल्या की तिथूनच मासळी घ्यायची आणि अंधाराच्या आत घरी यायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मासळी पुढे सीटजवळ ठेवायला बायकोची सक्त मनाई. एकदा पापलेटांचं पाणी मागच्या सीटवर सांडलं होतं, तेव्हापासून पिशवी डिकीत, डाव्या कोपऱ्यात, बर्फासकट.

त्या रविवारी आम्ही मढहून परतत होतो. उजेड सरत आला होता, मी दिवे लावले होते. पुढची रिक्षा अचानक थांबली, मी ब्रेक मारला आणि मागून धाडकन आवाज झाला. उतरून बघतो तर स्कूटर आडवी, पन्नाशीचा एक माणूस रस्त्यावर बसलेला आणि त्याची कॉलेजातली मुलगी त्याला उठवतेय. दोघं चांगल्या कपड्यांत होती. कुठल्यातरी बाप्तिस्म्याच्या जेवणाहून घरी चालली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. मुलीला फारसं लागलं नव्हतं. माझ्या बंपरला पोचा आला होता आणि माझं डोकं फिरलं होतं.

मी विचारलं, डोळे कुठे होते. तो म्हणाला, "तुमचा दिवा विझला. लाल दिवा दिसत होता, तो विझला, म्हणून मला वाटलं गाडी लांब गेली."

मी आधी हसलो. जमलेले लोकही हसले. ब्रेक दाबला की दिवा लागतो, विझत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून मी तीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढलेली. अपघाताच्या हजारो हकिकती वाचलेला माणूस. मी लोकांना म्हणालो, बघा, चोराच्या उलट्या बोंबा. मग गाडीत बसून ब्रेक दाबून दाखवला. मागे उभे असलेले लोक म्हणाले, "लागतोय, लागतोय." गाडी थांबली की बॅटरी वाचावी म्हणून दिवे बंद करायची मला सवय. तेव्हाही मी ते बंद केलेले होते. हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

आणि मग मी ते बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "रविवारचा घेऊन आलायस का रे?" असं मी त्याला विचारलं. माझ्याच वयाच्या माणसाला, अरे-तुरे करून, त्याच्या मुलीदेखत. गावठाणातला ख्रिश्चन, रविवारची संध्याकाळ, जेवणाहून आलेला. माझ्या मनात हिशेब आधीच झाला होता, तोंडाने फक्त वाचून दाखवला. तो एवढंच म्हणाला, "मी घेत नाय." कुणी ऐकलं नाही. बायको मागून सांगत होती, अहो, त्याचा हात बघा, सुजलाय. मी तिलाही गप्प केलं.

मी लेखी मागितलं. तीस वर्षांची खोड, तोंडी गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. त्याचा उजवा हात चालत नव्हता म्हणून मुलीने लिहायचं ठरलं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ती लिहू लागली. मी मजकूर सांगत होतो. मध्येच तो म्हणाला, दिव्याचं पण लिही. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लिही, लिही, वाचणाऱ्याची करमणूक होईल. मग त्याने डाव्या हाताने सही केली आणि रिक्षात बसून दोघं गेली. तो कागद मी गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या खणात ठेवून दिला आणि विसरलो.

आरशातली भिंत काळी झाल्यावर मी तो खण उघडला. कागद होता. मुलीचं गोल, स्वच्छ अक्षर. "समोरच्या गाडीचा दिवा ब्रेकच्या वेळेला विझला, त्यामुळे अंतर समजले नाही. तरी चूक माझी आहे." खाली पत्ता आणि डाव्या हाताची वेडीवाकडी सही. क्लेम खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट शिकवायचो. खोटं बोलणारा माणूस पटेल असं बोलतो. जो न पटणारं सांगतो आणि त्यालाच चिकटून राहतो, त्याची फाईल दोनदा वाचा. ही फाईल मी एकदाही वाचली नव्हती.

तरीही मनात एक आशा होती, आणि ती किती हलकट होती तेही सांगतो. मला वाटत होतं, हा बिघाड आत्ता झालेला असेल, गेल्या महिन्यात, गेल्या आठवड्यात. तेव्हा दिवा नीटच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या भागातल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने फ्यूज पाहिला, ठीक. बल्ब काढून पाहिले, ठीक. ब्रेकच्या पायाखालचा स्विच पाहिला, तोही ठीक. मग त्याने मला बसवलं, गाडीचे दिवे लावायला सांगितले आणि ब्रेक दाबायला लावला. मागून पुढे येऊन म्हणाला, मागचे दिवे विझतात आणि पुढचे इंडिकेटर किंचित पेटतात. त्याला सगळं कळलं होतं. मला त्याने उभ्या उभ्या समजावलं. बल्बपर्यंत करंट जातो, पण त्याला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे डिकीतल्या एका स्क्रूने गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर, अर्थिंग. ती तुटली की करंट दुसऱ्या बल्बांमधून फिरून जातो. एकटा दिवा कसाबसा लागतो. पण आधीच दिवे चालू असताना ब्रेक दाबला तर एवढा करंट त्या आडवाटेने जात नाही आणि सगळंच विझल्यासारखं होतं.

"एकटा ब्रेक दाबला तर?" मी विचारलं.

"मग लागणार ना. मंद, पण लागणार."

त्याने डिकीतला डाव्या कोपऱ्यातला गालिचा उचलला आणि चटकन मान मागे घेतली. म्हणाला, "साहेब, डिकीत समुद्र ठेवलाय काय?" पत्र्याला भोक पडायचं बाकी होतं. स्क्रूच्या जागी गंजाचा एक गोळा, त्यावर पांढरं मीठ आणि वायरीच्या टोकाला हिरवी बुरशी. तिथेच एक वाळलेलं खवलं चिकटलेलं होतं. इतक्या वर्षांच्या सुरमया, बांगडे, पापलेट, बोंबील, सगळ्यांचं बर्फाचं पाणी त्या कोपऱ्यात उतरत होतं. सीट वाचवली होती आम्ही.

मी विचारलं, हे कधीपासूनचं असेल. त्याने गंजाला नख लावलं. "तीनेक वर्षं तरी. हे एका दिवसात सडत नाय." झालं. माझी ती आशाही गेली.

तो पॉलिशपेपर काढून जागा घासायला लागला, तसं मी त्याला थांबवलं. म्हटलं, असंच राहू दे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्याकडून नवा स्क्रू, पॉलिशपेपरचा तुकडा मागून घेतला आणि कसं बसवायचं ते विचारून घेतलं. त्याने बजावलं, उजेड असेपर्यंतच चालवा, दिवे लावायची वेळ येऊ देऊ नका. मी हो म्हटलं.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबले. मी म्हटलं, त्या माणसाकडे जाऊन येतो. ती म्हणाली, "जा. आणि मी बरोबर येणार नाही. त्या दिवशी मी होते, काय उपयोग झाला?"

शनिवारी दुपारी ऊन असतानाच निघालो. पत्ता विचारत विचारत मढच्या अलीकडच्या एका गावठाणात पोचलो. अरुंद गल्ली, क्रूस, त्याच्यापुढे बैठं घर, बाहेर चुन्याची पांढरी भिंत. दार त्या मुलीने उघडलं. तिने मला ओळखलं. मी ओळख द्यायला तोंड उघडलं होतं, पण गरज पडली नाही. ती आत न बघता म्हणाली, "पप्पा, ते गाडीवाले."

तो ओटीवर खुर्चीत बसला होता. उठला, मला बसायला सांगितलं, मुलीला पाणी आणायला सांगितलं. माझी अपेक्षा होती तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचं उजवं मनगट पूर्ण वळत नव्हतं, ग्लास त्याने डाव्या हाताने घेतला. मी विचारलं, काम काय करता. म्हणाला, शूटिंगला भाड्याने देतात त्या एका बंगल्याच्या चाव्या सांभाळतो, फाटक उघडतो, बंद करतो.

"आधी?"

"शाळेची बस चालवायचो. बावीस वर्षं."

मी त्याच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हटलं, हातामुळे सोडावी लागली का. तो नाही म्हणाला. हात तीन महिन्यांत कामापुरता बरा झाला होता, शाळेने परत बोलावलंही होतं. गाडी त्याने स्वतःहून सोडली होती.

"दिवा विझतो कसा?" तो म्हणाला. अगदी शांतपणे, जणू आम्ही दोघं मिळून एखादं कोडं सोडवत होतो. "तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. ब्रेक दाबला की दिवा लागतो, मी बावीस वर्षं गाडी चालवली, मला माहीत नाय? पण मला विझलेला दिसला. मग माझ्या मनात आलं, माझेच डोळे दगा देतायत. डॉक्टर बोलला, नंबर ठीक आहे. त्याला मी दिव्याचं सांगितलंच नाय, तो पण हसला असता. मागे चाळीस पोरं बसतात. ज्याला उलटं दिसतं त्याने कशाला चालवायची?"

मी तिथे एका माणसाची माफी मागायला गेलो होतो, ज्याला मी खोटा ठरवलं होतं. खोटा ठरवलेला माणूस निदान मनातून खरा असतो, त्याचा राग त्याला सांभाळतो, असं काहीतरी मी वाटेत स्वतःला सांगत आलो होतो. या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मला पप्पांच्या पाठीमागून काही दिसलं नव्हतं, अंकल. दिसलं असतं तर मी बोलले असते. घरी मम्मीने पण विचारलं होतं, खरंच थोडी घेतली नव्हती ना." आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं. तुमचे डोळे नीट आहेत, दिवा विझला होता, तो अजूनही विझतो. अर्थिंगचं, डिकीतल्या पाण्याचं, सगळं. मी म्हटलं की मी तुम्हाला लेखी देतो, शाळेला पाहिजे तर त्यांनाही देतो. खिशातून तो जुना कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

त्याने कागदाला हात लावला नाही. "कागद नको," तो म्हणाला. "मला बघायचाय."

ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मुलीने चहा दिला, तो मी कसा प्यायलो माझं मला माहीत. मग मी गाडी त्या पांढऱ्या भिंतीला पाठ करून लावली, दिवे लावले. भिंत तांबूस झाली. तो गाडीच्या मागे, बाजूला उभा राहिला, मुलगी त्याच्या शेजारी. मी ब्रेक दाबला.

मी आरशात बघितलं तर तो खाली वाकून दिव्याकडे अगदी जवळून बघत होता. "परत," तो म्हणाला. मी पुन्हा दाबला. "परत." किती वेळा झालं मला सांगता येणार नाही. मुलगी फक्त बापाकडे बघत होती. नंतर त्याने घरात हाक मारून बायकोला बोलावलं. ती पदराला हात पुसत ओटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. शेजारच्या घरातलीही दोन माणसं बाहेर आली.

तो पुढे आला आणि माझ्या दाराशी उभा राहिला. "तुम्ही उतरा," तो म्हणाला. "मी बसतो. तुम्ही मागे उभे राहा, मी होतो तिथे."

दीड वर्षात तो पहिल्यांदाच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसत होता. बसल्यावर त्याने आधी सीट पुढे घेतली, मग आरसा हलवून नीट केला, दोन्ही डाव्या हाताने. बसचं मी विचारून घेतलं होतं, तिच्यावर आता दुसरा ड्रायव्हर आहे, कायमचा. मी मागे भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो. समोर दोन लाल दिवे होते.

ते विझले.

"काय झालं?" त्याने आतून विचारलं.

"विझला," मी म्हटलं.

"मोठ्याने सांगा. माझ्या बायकोला कमी ऐकू येतं."

मी तिच्याकडे बघून, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "विझला." तिने मान हलवली. खिशातल्या नव्या स्क्रूवर माझी मूठ आवळलेली होती, तो बसवायला अजून अवकाश होता. त्याने पाय उचलला, दिवे आले. मग पुन्हा दाबला, आणि विचारलं, "आता?"